खाऱ्या चिखलात घडीचा चाकू: ऐरोलीच्या खाडीवरचं एक प्रकरण

मार्चमधला रविवार. ऐरोलीजवळ ओहोटी लागून तासभर झाला होता. तिवरांच्या श्वासमुळांना गुरफटलेलं तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं, जुनं जाळं आम्ही सोडवत होतो. आमच्या गटातली सगळ्यात धाकटी कार्यकर्ती गुडघाभर चिखलात उभी राहून एक गाठ कापत होती. गाठ कापली गेली, पण चिखलाने जड झालेला जाळ्याचा गोळा मुळाला चिकटूनच राहिला. तिने चाकू न वळवता पात्याची पाठ गोळ्याखाली घातली आणि वर उचललं. पातं उघडं धरणारं लॉक सुटलं, पातं मिटलं, आणि मध्ये तिची तर्जनी होती.

ती ओरडलीही नाही. "दादा, जरा इकडे या," एवढंच म्हणाली. मी पोचलो तोवर हातमोजा लाल झाला होता. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या जखमेवर रिकाम्या केल्या, स्वच्छ रुमाल घट्ट बांधला, हात छातीच्या वर धरायला लावला आणि तिला बांधावर आणलं. पुढच्या पाऊण तासात ती ठाण्याच्या दवाखान्यात होती. मधल्या पेराशी चार टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हाड आणि शीर वाचली, पण बोटाच्या टोकाला मुंग्या येणं पावसाळ्यापर्यंत चालूच होतं.

तो चाकू मी निवडला होता. सहा जणांसाठी सहा, एकाच वेळी मागवलेले. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहून काढतो आहे. खाडीत, नदीत, शेततळ्यात किंवा ओल्या साइटवर काम करणाऱ्या कुणालाही घडीचा चाकू घ्यायचा झाला, तर माझी चूक त्याच्या कामी यावी.

आमचं काम कसलं आणि चाकू कशाला

आम्ही महिन्यातून दोन रविवार, नोव्हेंबर ते मे, खाडीच्या कडेला अडकलेली जाळी आणि दोर काढतो. वनविभागाची परवानगी घेऊन, आणि त्यांनी दाखवलेल्या पट्ट्यातच. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधल्या खाडीत 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य झालं, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, हाही मिळाला. भरतीबरोबर येणारं प्लॅस्टिक आणि नायलॉन मात्र अजून येतंच आहे. तिवराची फांदीसुद्धा तोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मनाई केली आणि 2018 मध्ये ती कायम केली. त्यामुळे कोयता, कोयती असली हत्यारं आम्ही नेतच नाही. आम्हाला कापायचं असतं ते फक्त माणसाने टाकलेलं: तंगूस, डोलजाळीचे (प्रवाहात बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याचे) तुकडे, आठ-दहा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर, सिमेंटच्या प्लॅस्टिकच्या गोणी, कधी कधी गाद्यांचं कापड.

तंगूस दिसायला केसासारखा, पण बोथट पात्याला तो दाद देत नाही, नुसता ताणला जातो. ताणलेलं जाळं अचानक तुटलं की हात सुटतो. म्हणजे धार हवीच, आणि ती चिखलात चार तास टिकायला हवी. शिवाय या कामात दोन्ही हात सारखे लागतात. पाय रुतला की माणूस तोल सावरायला हात टाकतो, आणि त्या हातात उघडं पातं असून चालत नाही. म्हणून घडीचा चाकू.

न मिटणारा साधा सुरा का नाही, हा प्रश्न रास्त आहे. लॉकच नसेल तर लॉक सुटण्याची भीती नाही. दिवा कोळीवाड्यातले एक काका आम्हाला होडीतून सोडतात. त्यांच्याकडे हॅकसॉच्या तुटक्या पात्याला घासून धार लावलेला, मुठीला रबरी ट्यूब गुंडाळलेला सुरा आहे आणि तो उत्तम काम करतो. पण तो होडीत राहतो, फळीखाली. आम्ही चिखलात चालतो, पडतो, मग लोकलने घरी जातो. सुऱ्याच्या म्यानात खारा गाळ भरला की तो धुता येत नाही आणि पातं त्यातच गंजतं. आता होडीसाठी आम्हीही दोन साधे सुरे ठेवले आहेत. चालणाऱ्यांच्या खिशात मात्र घडीचाच.

पहिली निवड कुठे चुकली

पहिल्या वेळी मी पोलादावर भाळलो होतो. डी-2 नावाचं पोलाद. धार टिकण्याच्या बाबतीत त्याचं नाव आहे, आणि ते खरंही आहे. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम साधारण 12 टक्के. वरकरणी वाटतं, 12 टक्के क्रोमियम म्हणजे स्टेनलेसच की, कारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात. पण इथे एक गोम आहे. कार्बन जास्त असला की तो बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून घेतो आणि त्याचे कठीण कण बनवतो. त्या कणांमुळेच धार टिकते. पण गंज रोखणारा जो पातळ थर पृष्ठभागावर बनतो, त्याला मोकळं क्रोमियम लागतं आणि ते कमी पडतं. गोड्या पाण्यात हे खपून जातं. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड तो थर जागोजागी टोचून फोडतो, आणि टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. आमच्या सहाही पात्यांवर ते दुसऱ्याच रविवारी दिसले होते. मी कानाडोळा केला. घासून काढू म्हटलं.

अपघात मात्र गंजाने झाला नाही. दवाखान्यातून आल्यावर त्या रात्री मी तो चाकू वर्तमानपत्रावर ठेवून पूर्ण उघडला. बारीक टॉर्क्स, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे, स्क्रू काढले, मुठीच्या दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. हा लाइनर लॉकचा चाकू. मुठीच्या आत एका बाजूला पातळ पोलादी पट्टी असते. पातं उघडलं की ती पट्टी स्प्रिंगसारखी आत सरकते, पात्याच्या बुडामागे येऊन टेकते आणि ते मिटू देत नाही. पट्टीने सरकायला जागा हवी. माझ्या समोर ती जागा राखाडी गाळाने भरलेली होती, कुंभाराच्या मातीसारखी मऊ आणि घट्ट. पट्टी निम्मीच सरकली होती आणि तिची फक्त कड पात्याला टेकत होती. पाठीवर जोर पडताच ती निसटली. पातं सहज फिरावं म्हणून बसवलेल्या बेअरिंगच्या बारीक गोळ्यांमध्येही तोच गाळ होता, आणि गोळ्या तांबूस झाल्या होत्या.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे, की बाहेरून काहीही दिसत नव्हतं. पातं सरळ उघडं, मूठ जागच्या जागी, आवाजही नेहमीसारखाच. जे बिघडलं होतं ते मुठीच्या पोटात होतं. चिखल लागलेल्या हातमोज्याने, वाकून काम करणाऱ्या माणसाला ते कळायला मार्गच नव्हता.

तिनेही चाकू ज्या कामाचा नाही त्या कामाला लावला, हे खरं. पाठीने उचकटणं कुठल्याच घडीच्या चाकूने करू नये. पण थकलेला माणूस कधीतरी ते करणारच, आणि निवड करताना थकलेला माणूसच डोळ्यांसमोर ठेवायला हवा होता. शिवाय त्या पात्याची धार थेट मुठीपर्यंत आलेली होती. बुडाशी अर्धा इंच बिनधारेचा टप्पा असता, तर मिटताना पहिला दणका त्या बोथट भागाचा बसला असता आणि बोट नुसतं चेपलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो उघडलेला चाकू काकांना दाखवला. त्यांनी नखाने खाचेतला गाळ खरवडला आणि विचारलं, "यान चिखल गेला त कारशील कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रू काढून, घरी जाऊन, दिव्याखाली. खाडीत नाहीच.

तीन चाकू, एक बादली

एप्रिल आणि मे आम्ही एकही नवा चाकू गटाला दिला नाही. जाड कात्र्यांवर काम भागवलं, आणि मी तीन वेगवेगळे चाकू आणून पाहिले. खाडीच्या पाण्याची आणि गाळाची एक बादली गॅलरीत ठेवली. घरच्यांनी आठवडाभर वास सहन केला, त्यांचे आभार.

पहिला लाकडी मुठीचा, बुडाशी पोलादी कडं फिरवून लॉक होणारा. कल्पना सुरेख. कडं फिरलंय की नाही ते डोळ्यांना दिसतं, बोटाला कळतं. हलकाही होता. पण बादलीत रात्रभर ठेवल्यावर लाकूड फुगलं आणि सकाळी पातं बाहेर येईना. दोन दिवस वाळवल्यावर आलं. घरी फळं कापायला, सह्याद्रीत डबा खाताना मी तो आनंदाने वापरतो, पण खाडीत नाही.

दुसरा स्विस, खिशातला लाल चाकू, व्हिक्टोरिनॉक्सचा. 1884 मध्ये सुरू झालेलं हे घराणं. त्याचं पोलाद मऊसर, कठिणपणा रॉकवेल मापाने 56 च्या जवळपास, पण गंजाला दाद न देणारं. रात्रभर बादलीत राहूनही पात्यावर डाग नव्हता. धार लवकर जाते, पण चहाच्या कपाच्या खालच्या खरखरीत कडेवरही ती परत आणता येते. त्याच्या मुख्य पात्याला लॉक नाही, नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं. लॉक नाही हे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो जपून वापरतो. कार्यालयात, बाजारात, प्रवासात रोज जवळ बाळगायला मला अजूनही हाच प्रकार योग्य वाटतो. पण जाळं ओढत कापताना हाताला लॉकचा आधार लागतोच.

तिसरा बॅक लॉकचा. यात मुठीच्या पाठीवरच एक दांडी असते. तिचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतं, आणि मिटवायचा तर पाठीवरचा भाग अंगठ्याने दाबायचा. मुद्दाम खाचेत गाळ भरून मी तो उघडला. लॉक बसलं नाही. पण बसलं नाही हे मला लगेच कळलं, कारण दांडी पाठीच्या रेषेत न येता नखभर वर उभी होती. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी लागत होती. बाटलीतल्या पाण्याची एक धार खाचेत सोडली, पातं दोनदा उघडमीट केलं, आणि "टक्" आवाज करत दांडी सपाट बसली.

माझा निर्णय त्या अंगठ्याखाली झाला. कोणतंही लॉक चिखलाने अडू शकतं. मला असं लॉक हवं होतं, जे अडलं की हाताला सांगेल, आणि उभ्या उभ्या पाण्याने साफ होईल. त्या पलीकडे त्याची ताकद, नाव, दिसणं, सगळं नंतर.

पातं हातोडीवर किंवा टेबलावर आपटून लॉक तपासायची एक रीत लोक दाखवतात. मी ती केली नाही आणि कुणी करू नये. त्याने चांगलं लॉकही बिघडतं. मी पातं उघडून टोक फळीला टेकवलं, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवली आणि मूठ तळहाताने हळूहळू दाबत नेली. तेवढं पुरतं.

मग ठरलं ते

पोलादाचा शोध पुन्हा सुरू केला तेव्हा नायट्रोजन हा शब्द सारखा समोर येत होता. कार्बनचं थोडं काम नायट्रोजनकडून करून घेतलं की क्रोमियम मोकळं राहतं. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठीचं एलसी-200-एन हे त्यातलं उत्तम. त्यात कार्बन फक्त 0.3 टक्के, नायट्रोजन 0.4 च्या आसपास आणि क्रोमियम 15 टक्के. पण त्याचा एक चाकू ज्या किमतीला येतो, त्यात आमचे तीन-चार आले असते. आम्ही स्वीडिश 14-सी-28-एन वर थांबलो. कार्बन 0.62, क्रोमियम 14, नायट्रोजन 0.11 टक्के. धार डी-2 एवढी टिकत नाही. चार तासांच्या कामानंतर दहा मिनिटं दगडावर घालवावी लागतात. ती मी खुशीने घालवतो.

मूठ काच मिसळलेल्या नायलॉनची घेतली, आत पोलादी पट्ट्या नसलेली. गंजायला आत होईल तितकं कमी ठेवायचं. फिरण्याच्या जागी बेअरिंगऐवजी साध्या कांस्य चकत्या. पातं जरा जड फिरतं, पण गाळाने जाम होत नाही. रंग नारिंगी. काळी मूठ चिखलात पडली की गेली, हे आम्ही पहिल्या सहांपैकी एक गमावून शिकलो होतो. मुठीच्या भोकातून दोरी ओवून ती मनगटात नाही, कमरेच्या पट्ट्याला बांधायची. मनगटाला बांधलेला चाकू हातातून सुटला तर लोंबकळत आपल्यालाच लागतो.

पात्याच्या आकारावर आमच्यात वाद झाला. मला टोकदार हवं होतं, गाठीत शिरायला. जखमी झालेली आमची कार्यकर्ती बोथट टोकाच्या, सरळ धारेच्या पात्यावर अडून बसली, आणि तिचं बरोबर निघालं. मेच्या शेवटी एक ढोकरी (लहान बगळा) जाळ्यात पाय अडकून बसलेली सापडली. तिने पक्ष्याच्या डोक्यावर ओला नॅपकिन टाकला, मी पंख धरले. तंगूस पायाच्या कातडीत रुतला होता, खवले उचलले गेले होते. त्या दिवशी तिच्या हातात नमुना म्हणून आणलेला बोथट टोकाचा चाकू होता. तिने पात्याचं गोल नाक कातडीला लागून धाग्याखाली सरकवलं, धार बाहेरच्या बाजूला ठेवली आणि फक्त मनगट वळवलं. चार धागे, चार वेळा. टोकदार पातं मी तिथे घालूच शकलो नसतो. ढोकरी सोडली तेव्हा ती आधी चिखलातच चार पावलं चालली, मग उडाली.

करवतीसारख्या दातेरी धारेचाही विचार झाला. दोर ती झपाट्याने कापते. पण तिला धार लावायला गोल कानस आणि सवय लागते, आणि गटातल्या निम्म्या लोकांना ती जमणार नाही. त्याऐवजी सरळ धारेलाच खरबरीत दगडावर, 400 ग्रिटच्या, धार लावून तिथेच थांबायचं. गुळगुळीत दगडावर नेऊन चकचकीत करायची नाही. त्या खरबरीत धारेचे सूक्ष्म दात नायलॉनला पकडतात. कोन प्रत्येक बाजूला साधारण 20 अंश. लांबी तीन इंच. त्याहून लांब पात्याची गरज मला एकदाही भासली नाही.

चाकू घरी न्यायचा का

शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात धरले आहेत, घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. आमचा तीन इंची चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला, मोर्च्यांच्या काळात मनाई आदेश निघतात. त्यात तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर सुरेही येतात आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तूही येते. ठाणे ते ऐरोली या प्रवासात मध्ये आता दिघा गाव हे एकच स्टेशन, पण तेवढ्यात ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन पोलीस आयुक्तालयं लागतात. दोन्हींचे आदेश वेगळे.

म्हणून आमचे चाकू घरी जात नाहीत. ऐरोलीतल्या एका सदस्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहतात, वहीत नोंद करून. कुणाला दुसऱ्या ठिकाणी न्यायचाच असेल तर मिटवून, डब्यात, बॅगेच्या तळाशी, सोबत कामाचं पत्र. खिशाला क्लिप लावून लोकलमध्ये चढायचं नाही. आणि बटण दाबताच पातं फटकन बाहेर येणारा, म्हणजे खटक्याचा चाकू, आम्ही पाहिलाही नाही. गर्दीतल्या शेजाऱ्याला तो पाहून काय वाटेल, याचा विचारही निवडीचाच भाग आहे असं मी मानतो.

आता एक हंगाम झाला

सहा चाकू, नोव्हेंबर ते मे. बांधावर आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवायचे, लॉकच्या खाचेत पाण्याची पिचकारी मारायची, पुसायचे, उघडे ठेवून वाळवायचे, फिरण्याच्या जागी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल आम्ही सुरुवातीला वापरलं. थंडीत ते गोठलं, नंतर चिकट झालं आणि धूळ धरू लागलं. ते बंद केलं.

पात्यांवर डाग नाहीत. क्लिपचे स्क्रू मात्र साध्या पोलादाचे निघाले आणि दोन चाकूंचे गंजले. पात्याचं पोलाद इतकं पारखताना स्क्रूकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. क्लिपा सगळ्यांच्याच काढून टाकल्या, तशाही लागत नव्हत्या. पातं ज्यावर फिरतं त्या मुख्य स्क्रूचा प्रश्न पुढच्या खरेदीत विक्रेत्याला आधी विचारायचा आहे.

लॉक पूर्ण न बसण्याचे प्रसंग वहीत पाच लिहिलेले आहेत. पाचही वेळा वापरणाऱ्याला ते अंगठ्याने कळलं आणि पाण्याने साफ झालं. त्यातला एक बोट कापलेल्या आमच्या कार्यकर्तीचा आहे. ती आता कापायच्या आधी दर वेळी अंगठा पाठीवरून फिरवते आणि "टक्" ऐकू आलं नाही तर मान हलवून बाटली मागते. आमच्यात एक जण डावखुरा आहे. लाइनर लॉक त्याला नेहमी उलटं पडायचं, हे त्याने मला नवा चाकू हातात आल्यावर सांगितलं. आधी मी विचारलंच नव्हतं. यंदा पेटी उघडताना प्रत्येकाने आपला चाकू हातमोजा घालून, ओल्या हाताने, उघडून आणि मिटवून दाखवायचा आहे. मगच होडीत बसायचं.